अंतरपाटाआधीचा अर्धा तास: फोटोग्राफरनं खोलीत असावं का?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी सातारा-कराड पट्ट्यात लग्नाचे फोटो काढतो. यंदाचं हे तेरावं वर्ष. एका गोष्टीत अडकलोय, म्हणून हा धागा काढतोय.

येत्या वैशाखात एक लग्न घेतलंय. मुलगा-मुलगी दोघंही पुण्यात नोकरीला, चार वर्षांची ओळख, दोन्ही घरं खूश. मुलीचा फोन आला, "दादा, आम्हाला फर्स्ट लूक हवाय. मुहूर्ताच्या तासभर आधी तो कार्यालयामागच्या आंब्याखाली पाठमोरा उभा राहील, मी मागून येईन, मग तो वळेल. फक्त आम्ही दोघं आणि तुम्ही." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिच्या आजीचा फोन. "अंतरपाट धरायच्या आधी नवऱ्यानं नवरीचं तोंड बघायचं नसतं. फोटोवाले पोरांना काय काय शिकवतात!" या मुलीला मी काही शिकवलं नव्हतं. तरी ते आजींना बोललो नाही. गेल्या दहा वर्षांत आमच्याच धंद्यानं हे खूळ गावोगावी नेलंय, हे नाकारता येत नाही.

त्या फोनपासून एक जुनी गोष्ट डोक्यातून जात नाहीये. २०१६ सालचं लग्न. मुलगी गौरीहरापुढे बसलेली, पिवळी अष्टपुत्री नेसून, मुठीमुठीनं तांदूळ वाहत होती. खोलीत करवली आणि मी, एवढेच. तेवढ्यात तिचे वडील आले. वाकून त्यांनी तिच्या एका बाजूला सरकलेल्या मुंडावळ्या सरळ केल्या आणि कानाशी काहीतरी बोलले. ती हसली की रडली, मला कळलं नाही, कारण मी फ्लॅशच्या दिव्याकडे बघत होतो. फ्लॅश चार्ज झालेला नव्हता. फ्रेम हुकली. मी म्हणालो, "काका, पुन्हा एकदा करा ना."

आणि काकांनी केलं. तसंच वाकले, त्याच हातानं मुंडावळ्या धरल्या. कानाशी मात्र काही बोलले नाहीत. तोंड नुसतं जवळ नेलं. तो फोटो अल्बममध्ये पूर्ण पानभर लागला, लोकांनी वाखाणला. चार वर्षांनी धाकट्या भावाच्या लग्नासाठी तिनं मलाच बोलावलं. दिवस ठरले, पैसे ठरले, आणि फोन ठेवताना म्हणाली, "दादा, या वेळी कुणाला पुन्हा करायला सांगू नका."

तेव्हापासून मी कुणाला 'पुन्हा' म्हटलेलं नाही. पण आता प्रश्न असा पडतो की मुळात त्या खोलीत मी असावं का? असलो तर किती वेळ? ज्यांची लग्नं झालीत, जे लग्नं लावतात, जे आमच्यासारखे त्या खोलीत वावरतात, त्यांनी मोकळेपणानं लिहा. आजींना काय सांगू, तेही सुचवा.

———

जास्वंदी | सोमवार, रात्री ११.१५

दादा, फर्स्ट लूकची बाजू मी मांडते. दोन वर्षांपूर्वी आम्ही केला होता आणि आजही तो निर्णय बरोबर वाटतो.

आमच्या लग्नाला सहाशे माणसं. अंतरपाट दूर झाला त्या क्षणी काय झालं सांगू? अक्षता डोळ्यात गेल्या. त्याच्या मित्रांनी त्याला उचलून धरलं, मग माझ्या भावांनी मला उचललं, हार घालायची झटापट झाली. सनई, फटाके, हात पुढे काढलेले मोबाईल. त्याचं तोंड मी निवांत पाहिलं ते जेवणाच्या पंगतीत, घास भरवताना. त्याआधी सकाळी गच्चीवर आम्हाला सात मिनिटं मिळाली होती. तिथं त्यानं मला नऊवारीत पहिल्यांदा पाहिलं आणि "आजीसारखी दिसतेस" म्हणाला. त्याची आजी आदल्या वर्षीच गेली होती. हे मांडवात तो बोलू शकला असता का?

आमच्या हॉलमध्ये त्या गच्चीवरचा फोटो लावलाय. अंतरपाटाचा नाही लावला, कारण त्यात आमच्या दोघांच्या मध्ये आत्याचा मोबाईल आहे.

———

पौरोहित्य | मंगळवार, सकाळी ६.०५

मी गेली बावीस वर्षं लग्नं लावतो. आजींच्या बाजूनं थोडं लिहितो. फोटोवाल्यांच्या विरोधात नाही.

अंतरपाट म्हणजे नुसता पडदा नव्हे. तो दूर झाल्यावर वधूवरांनी एकमेकांकडे पाहणं हाच विधीचा भाग आहे. परस्परनिरीक्षण म्हणतात त्याला. पारस्कर गृह्यसूत्रात तसं स्पष्ट सांगितलंय, आणि त्या वेळचा मंत्र ऋग्वेदातला आहे, १०व्या मंडलातलं ८५वं सूक्त, ज्याला सूर्यासूक्त म्हणतात. 'अघोरचक्षुः' अशी सुरुवात. तुझी नजर सौम्य असो, असा अर्थ. विचार करा, पहिल्या नजरेसाठी आपल्याकडे मंत्र आहे! मुहूर्ताची घटका भरेपर्यंत मंगलाष्टकं म्हणत ती नजर रोखून धरायची आणि मग मोकळी करायची. सगळी उत्कंठा त्यात आहे.

आता साखरपुड्याला, सीमांतपूजनाला दोघांनी एकमेकांना पाहिलेलं असतंच. पाहूच नये असं मी कुणाला सांगत नाही. पण मुंडावळ्या बांधल्यावर, गौरीहर पुजल्यावर जे पाहायचं ते अंतरपाट दूर झाल्यावरच, अशी आपली चाल आहे. ती आजींना प्रिय आहे आणि त्यात चूक काही नाही.

जास्वंदीताई, तुमचं दुःख मला रोज दिसतं. उचलाउचलीमुळे ती नजर हरवते. मी हल्ली मंगलाष्टकं सुरू करण्याआधी दोन्हीकडच्या मुलांना जवळ बोलावून सांगतो, "अंतरपाट निघाल्यावर पाच श्वास थांबा, मग काय उचलायचं ते उचला." निम्म्या लग्नांत ऐकतात.

———

आरसा_काजळ | मंगळवार, दुपारी २.३०

मी कोल्हापूरची, नवरीचा मेकअप करते. त्या खोलीत फोटोग्राफरपेक्षा जास्त वेळ मीच असते, म्हणून सांगते.

दादा, तुम्ही विचारताय हेच खूप आहे. माझ्या अनुभवात दहातले सात जण दार न वाजवता आत येतात. "ताई, दोनच मिनिटं, साडीचा शॉट घेतो." कसला साडीचा शॉट? नवरी परकर-ब्लाउजवर उभी असते, निऱ्या माझ्या हातात असतात, मावशी पिना शोधत असते. एका लग्नात पाठीची नाडी बांधतानाचा फोटो एका फोटोग्राफरनं न विचारता काढला आणि आठवड्यानं तो त्याच्या पानावर जाहिरात म्हणून झळकला. मुलीच्या सासरी तो आधी दिसला, तिला नंतर. पुढचं सगळं मला तिच्या आईकडून कळलं. फोटो उतरवला गेला, पण तोपर्यंत दोन्ही घरांत नको ते बोलणं होऊन गेलं होतं.

तेव्हापासून माझा नियम: साडी नेसून पदर खांद्यावर लागला की मी स्वतः दार उघडते आणि हाक मारते. तोवर आतून कडी. फोटोग्राफरनं रागावायचं असेल तर रागवावं. दागिने घालणं, नथ, काजळ, चुड्यावर हात फिरवणं, याचे हवे तेवढे फोटो काढा, मी स्वतः तिला खिडकीकडे वळवून देते.

अजून एक. मुली आधी हो म्हणतात आणि त्या दिवशी त्यांना नको वाटतं. पहाटे चारला उठलेली असते, पोटात काही नसतं, आई बाहेर पाहुण्यांत असते. खोलीत तिला दोन मिनिटं डोळे मिटून बसायचं असतं. ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं. तेव्हा कॅमेरा खाली.

———

नवखा_कॅमेरा | मंगळवार, दुपारी ४.१०

दादा, थोडं तांत्रिक विचारतो. मी दुसरा कॅमेरा म्हणून जातो. कार्यालयातल्या खोल्या म्हणजे एक ट्यूब, आरशाचं कपाट आणि बॅगांचा ढीग. फ्लॅश न मारता काढायचं कसं? सायलेंट शटर लावलं तर फोटोवर आडवे काळे पट्टे येतात.

———

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९.५०

ताई, कडीचा नियम यापुढे मीच माझ्या कामाच्या कागदावर लिहीन.

नवख्या, पट्टे येतात ते दिव्यांमुळे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला कळत नाही, पण सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीनं वाचतं, त्याला कळतं. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेव, पट्टे जातील. त्याहून सोपं म्हणजे ट्यूबच बंद कर. मी खोलीत गेलो की पहिल्यांदा परवानगी घेऊन ट्यूब बंद करतो, खिडकी उघडतो आणि पाट किंवा खुर्ची खिडकीच्या बाजूला घ्यायला सांगतो. समोर नको, बाजूलाच. बॅगा पलंगामागे. एवढं एकदा केलं की नंतर कुणाला काही सांगावं लागत नाही.

लेन्स ८५ मिमी, अ‍ॅपर्चर १.८ वर. त्यानं मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहता येतं. ३५ मिमीनं चित्र छान येतं, पण तू मुलीच्या श्वासाइतका जवळ जातोस. आणि ऑटो व्हाइट बॅलन्स बंद ठेव. हळद आणि पिवळी साडी दिसली की कॅमेरा ते पिवळं मारायला बघतो, अष्टपुत्री फिकट पडते.

एवढं सगळं शिकायला मला पाच वर्षं लागली. दाराबाहेर कधी जायचं ते अजून शिकतोय.

———

गोदाकाठचा | बुधवार, सकाळी ८.२०

सगळे नवरीच्या खोलीबद्दलच लिहायलेत. नवरदेवाचं काय?

आमच्याकडं परभणी-नांदेडकडं परण्या निघतो. नवरदेव आधी मारुतीच्या देवळात जातो, पाया पडतो, तिथून वाजत-गाजत मांडवात. माझ्या लग्नात देवळातली पाच मिनिटं मला अजून आठवतात. मे महिना, फरशी तापलेली. बाहेर वाजंत्री, आत मी, माझे वडील आणि गुरव. वडिलांनी माझा फेटा नीट केला. आमच्यात कधी मिठी-बिठी नव्हती. त्यांनी फेट्यावरून हात तसाच खाली आणला आणि माझ्या मानेवर ठेवला. बराच वेळ. मग म्हणाले, "चल, लोक थांबलेत."

फोटोवाला तेव्हा बाहेर नाचणाऱ्यांचे फोटो काढत होता. त्याला दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या लग्नाचे नऊशे फोटो आहेत, त्यात वडील आणि मी असे दोघंच एकाही फोटोत नाही. जिथं बघावं तिथं आमच्यात पाव्हणा उभा.

तुमच्या त्या काकांच्या गोष्टीवर मी खूप विचार केला. पुन्हा करायला लावलं ते वाईटच. पण मला विचाराल तर मी म्हणेन, आत या. गुपचूप या, एक फोटो काढा आणि जा. पण या.

———

सावली | बुधवार, दुपारी १२.४५

माझं हे दुसरं लग्न होतं. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी केली, ३० दिवसांची नोटीस, ३ साक्षीदार, सही, संपलं. पण सासूबाई म्हणाल्या, घरच्या देवापुढे हार घालू, तेव्हा मुंडावळ्या बांधायच्या. माझी मुलगी नऊ वर्षांची. ती म्हणाली, "मी बांधणार." तिला गाठ मारता येत नव्हती. तीनदा सुटली. चौथ्यांदा तिनं बुटाच्या नाडीची गाठ मारली, तेवढीच तिला येत होती.

फोटो काढायला माझ्या ऑफिसातली मैत्रीण होती. मी तिला आधीच सांगितलं होतं की मुलीचा चेहरा कुठल्याही फोटोत नको. पहिल्या लग्नाच्या कोर्टाच्या बाबी अजून संपलेल्या नव्हत्या आणि मुलीचे फोटो कुठे फिरायला नको होते. तिनं माझ्या मागे उभं राहून फक्त गाठ काढली. दोन लहान हात, नखांवर उडालेलं नेलपॉलिश, माझ्या अंबाड्यावर ती बुटाची गाठ.

खासगी म्हणजे फोटोच नको, असं मला वाटत नाही. काय दिसायला नको ते आधी विचारा. त्यातून चांगला फोटो निघतो.

———

कलमदान | बुधवार, रात्री ८.००

वकिली करते, म्हणून दोन मुद्दे. लोकांना ते माहीत नसतात.

लग्नाच्या फोटोंचा मालक कोण? कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७ नुसार कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो सांगणारा. फोटोग्राफर नाही. त्यामुळे 'माझ्या कामाचे नमुने म्हणून मी टाकणारच' हे करारात लिहिलेलं नसेल तर त्याला तसा हक्क नाही. आता गंमत नाही, अडचण बघा: आपल्याकडे फोटोग्राफर ठरवतात आणि पैसे देतात बऱ्याचदा मुलीचे वडील. म्हणजे कागदावर मालकी वडिलांकडे जाऊ शकते आणि जिचा फोटो आहे तिचं नावच कुठे नाही. म्हणून करारावर नवरा-नवरीची सही घ्या. कुठले फोटो बाहेर जातील ते त्यांनी स्वतः, अल्बम बघितल्यावर, लिहून द्यावं.

दुसरं, आरसा_काजळ ताईंनी सांगितलेल्या प्रकाराबद्दल. कपडे बदलतानाचं चित्रण हा नुसता असभ्यपणा नाही. शरीराच्या खासगी भागाचं चित्र संमतीशिवाय काढणं, पाठवणं किंवा प्रसिद्ध करणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ताई, तुमची कडी कायद्यालाही धरून आहे.

———

तिठा | बुधवार, रात्री ९.३५

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे सिव्हिल रजिस्ट्रारसमोर दोनदा सही करावी लागते. आधी इच्छेची नोंद, मग काही दिवसांनी दुसरी सही. धार्मिक विधी त्यानंतर. त्यामुळे मांडवात उभं राहतो तेव्हा कागदावर आम्ही आधीच नवरा-बायको. तरी अंतरपाटामागे उभा असताना माझे पाय लटपटत होते.

पहिल्या सहीच्या दिवशी आम्ही दोघंच म्हापशाच्या बाजारात जाऊन चहा-भजी खाल्ली. त्याचा फोटो नाही आणि नकोच होता.

———

हडसनकाठ | गुरुवार, पहाटे ४.५०

न्यू जर्सीहून. इथल्या अमेरिकन लग्नांत फर्स्ट लूक रुजला त्याला एक साधं कारण आहे: वेळापत्रक. विधी दुपारी उशिरा, त्यानंतर लगेच पाहुण्यांचं खानपान. हिवाळ्यात साडेचार-पाचला अंधार पडतो. मग जोडीचे आणि घरच्यांचे फोटो कधी काढणार? म्हणून आधीच भेटवतात. भावनेचा भाग नंतर चिकटला. आपल्या मराठी मंडळींच्या लग्नात इथे हॉटेलचा हॉल ठरावीक तासांसाठी मिळतो, त्यामुळे आपणही तेच करतो. माझ्या भाचीच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा दोघं एकमेकांकडे बघून नुसते हसले, कारण सकाळपासून तीन तास एकत्र फोटो काढून झाले होते. मला आत कुठेतरी टोचलं. तिला नाही टोचलं, हेही सांगते.

दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. इथल्या ज्यूंच्या लग्नात विधी झाल्याबरोबर जोडपं एका खोलीत काही मिनिटं एकटं बसतं, यिहुद म्हणतात. दाराबाहेर दोन साक्षीदार. दोघं बहुतेक सकाळपासून उपाशी असतात, आत बसून चार घास खातात. कुणीही आत जात नाही, फोटोग्राफरही दार बंद होताना बाहेरच थांबतो. रीतीनंच एकांत राखलाय.

आणि ज्यांना आधी पाहायचं नाही अशी इथली काही जोडपी दाराच्या दोन बाजूंना उभी राहतात आणि नुसतं बोलतात. आजींना हे चालेल का, विचारून बघा.

———

जास्वंदी | गुरुवार, सकाळी ९.००

दाराची कल्पना मला आवडली. आमच्या गच्चीवर फोटोग्राफर सारखा म्हणत होता, "हळू वळा, अजून हळू." तेवढं एक नसतं तर बरं झालं असतं. पौरोहित्य गुरुजी, तुमचे पाच श्वास आमच्या लग्नात असते तर मी कदाचित गच्चीवर गेलेच नसते.

———

कृष्णाकाठ | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ११.२०

लग्न परवा झालं. सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, म्हणून झोपण्याआधी सांगतोच.

आधी मुलीशी बोललो, मग तिच्या परवानगीनं आजींकडे गेलो. दाराची गोष्ट सांगितली. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बोलायला कुठं ना आहे? दार लावलेलं पाहिजे. आणि गौरीहरावर बसायच्या आधी. एकदा बसली की ती गौरीची, मग कुणाशी बोलायचं नाही." थोड्या वेळानं स्वतःच म्हणाल्या, "मी बसते तिथं."

मुहूर्त दुपारी १२ वाजून २७ मिनिटांचा. साडेदहाला मुलगा वधूपक्षाच्या खोलीबाहेर आला. धोतर, उपरणं, फेटा अजून बांधायचा होता. आत मुलगी आणि तिची धाकटी बहीण. मधे सागवानी रंगाचं साधं प्लायवूडचं दार, वर 'वधू कक्ष' अशी पाटी. बाहेर प्लास्टिकच्या लाल खुर्चीवर आजी, दाराकडे पाठ करून.

आता मला ठरवायचं होतं दाराच्या कुठल्या बाजूला थांबायचं. कॅमेरा एकच, बाजू दोन. आधीच्या सवयीनं मी आत गेलो असतो, सगळे फोटो नवरीचेच असतात. पण गोदाकाठच्या दादांचं ते मारुतीचं देऊळ डोक्यात होतं. मी बाहेर थांबलो. आतली बाजू मुलीची राहिली. ती काय बोलली, तिचा चेहरा कसा होता, मला माहीत नाही आणि कुठल्याही कार्डावर नाही.

मुलगा आधी उभा होता. मग धोतर सावरत खाली फरशीवर बसला, दाराला खांदा टेकवून. डोकं लाकडाला लावलं. काहीतरी बोलला, थांबला, ऐकलं. मग हसला आणि मान हलवली, जणू ती बघतेय. मी कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या पिंपाजवळ, ८५ मिमी. तीन फ्रेम घेतल्या आणि जिना उतरून खाली गेलो. ते किती वेळ बोलले ते मी बघितलं नाही. पंधरा मिनिटांनी वर आलो तर खुर्ची रिकामी होती आणि आतून "गौरी गौरी सौभाग्य दे" ऐकू येत होतं.

अंतरपाटाचंही सांगतो. गुरुजींना आधी विचारून ठेवलं होतं की अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार. त्यांना पाच श्वासांबद्दलही सांगितलं. ते म्हणाले, "आमचं कोण ऐकतंय?" मग मुलीच्या मामांनी माईक घेतला आणि अंतरपाट धरायच्या आधी सांगितलं, "पहिल्या तीन रांगांनी मोबाईल खाली ठेवा, पोरांनी उचलायची घाई करू नका." लोकांनी ऐकलं. म्हणजे सगळ्यांनी नाही, एका काकांनी टॅब वर धरलाच होता, पण ते बाजूला होते.

'सावधान' झालं, कापड सरकलं. मुलानं तिच्याकडे पाहिलं आणि पहिली गोष्ट कुठली केली असेल तर स्वतःचा खांदा चोळला, दाराला टेकून टेकून अवघडलेला. तिला ते बरोबर कळलं. तिनं ओठ दाबले आणि डोळे भरले. बाकी कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं. तेवढ्यात अक्षता पडल्या.

तो फोटो मिळाला.

कलमदान ताई, करारावर दोघांच्या सह्या घेतल्या. दारापाशी काढलेले तिन्ही फोटो त्यांनी घरात ठेवायचं ठरवलंय, त्यामुळे इथं लावत नाही. अंतरपाटाचा त्यांनी विचारून कळवतो म्हटलंय.

———

गोदाकाठचा | सोमवार, सकाळी ७.१०

दादा, बाहेर थांबलात. बरं केलंत. दुसरं काही लिहवत नाही.

———

आरसा_काजळ | सोमवार, सकाळी ११.३०

वाचताना अंगावर काटा आला. एक विचारू का? आजी दाराकडे पाठ करून बसल्या म्हणता. त्या काय करत होत्या? त्यांना सगळं ऐकू येत असणार.

———

कृष्णाकाठ | सोमवार, दुपारी १.०५

गजरा सुटला होता. मांडीवर फुलं घेऊन परत ओवत होत्या. मी निघताना त्यांनी मला हातानंच खूण केली, जा आता.